पाच एकर बाग आणि १८ हजारांची नोकरी

कट्ट्यावर वाद काढला पैलवानानं. त्याच्या चुलतभावाचं स्थळ परत मोडलं होतं. पोरगं तेहतीस वर्षांचं, निर्व्यसनी, तासगावच्या पुढं पाच एकर द्राक्षबाग, विहीर, ट्रॅक्टर. आणि मुलगी दिली कुणाला, तर चाकणला कंपनीत कंत्राटावर असलेल्या पोराला. पगार १८ हजार.

"एका हंगामाला आमच्या औषधांचं बिल त्याच्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त असतंय," पैलवान म्हणाला. हे तो अभिमानानं बोलला, पण यातच त्याचा अर्धा वाद हरला होता हे त्याच्या लक्षात आलं नाही.

बेदाणा (धंद्यावरून पडलेलं नाव, आता घरचेही तेच म्हणतात) लगेच सुरू झाला. "पोरी माजल्यात. बापाला जावयाच्या नावावर शेती पाहिजे, आणि जावई शेती करणारा नको. आता सांग, शेती कसणार कोण, तलाठी?"

सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून रिटायर झालेत. ते पेपर घडी करून बाजूला ठेवतात तेव्हा आकडे येणार हे कट्ट्याला ठाऊक आहे. "पोरी माजल्या नाहीत, पोरी कमी आहेत. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं १९९१ ला ९४६ मुली होत्या. २००१ ला ९१३. २०११ ला ८९४, बीडमध्ये तर ८०७. २००१ च्या गणतीतली ती लेकरं आज बाशिंग बांधून बसलीत. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा १९९४ चा. तरी आपल्या म्हैसाळला २०१७ साली ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरला पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली, 'आम्हाला बायको द्या' म्हणत. लोक हसले. पण हा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी बरोबर होती."

पैलवान गणितात कच्चा नाही. "सर, हजारात नव्वद-शंभर कमी म्हणजे दहात एक पोरगं राहायला पाहिजे. आमच्या वाडीत तिशी ओलांडलेली जवळजवळ निम्मी बिनलग्नाची हैत. बाकीच्यांचा हिशोब कुठं गेला?"

प्रश्न खरंच चांगला होता. सरांनी दुसरा चहा सांगितला.

"एक म्हणजे वयाचं अंतर. आपल्यात नवरा चार-पाच वर्षांनी मोठा लागतो. पूर्वी दरवर्षी जन्म वाढत होते, म्हणजे नंतर जन्मलेल्या मुली जास्त, त्यांच्या आधी जन्मलेली मुलं कमी. नवऱ्यांचा तुटवडा. अर्थतज्ज्ञ विजयेंद्र राव यांनी १९९३ मध्ये दक्षिणेतल्या खेड्यांची आकडेवारी घेऊन हेच मांडलं, की हुंडा वाढला त्याचं एक कारण हे. आता उलटं झालंय. १९९२-९३ ला महाराष्ट्रात बाईमागं सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ ला १.७. नंतरच्या वर्षांत जन्मलेली एकूण लेकरंच कमी, त्यात मुली आणखी कमी. दुहेरी मार. आणि दुसरं म्हणजे प्रत्येक बाप मुलगी एक पायरी वर देतो. वाडीतली तालुक्याला, तालुक्याची पुण्याला. तुटवडा सगळीकडं सारखा वाटला जात नाही. वरचे निवडून घेतात आणि सगळी खोट तळाला साचते. तळाला कोण, तर तुझी वाडी."

"मग मुली कमी, तर हुंडा बंद व्हायला पाहिजे होता," मी म्हणालो. "१९६१ च्या कायद्यानं नाही झाला, निदान बाजारानं तरी."

"तळाला झालाय की," बेदाणा म्हणाला. "दोन्हीकडचा खर्च पोराकडं. वर एजंटाचे वेगळे. आमच्या गल्लीत एकानं दोन लाख मोजले, नवरी पंधरवड्यात दागिन्यांसकट पसार. आणि वर मात्र जैसे थे. सरकारी नोकरीवाला असला की 'आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या'. त्या 'चांगल्या'त एसी हॉल, दहा तोळे आणि चारचाकी बसते."

"कारण त्या एका सरकारी नोकरीवाल्यामागं तीस मुलींचे बाप," सर म्हणाले. "त्यात पुन्हा जात. बॅनर्जी, डफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी बंगालमधल्या लग्नाच्या जाहिराती तपासल्या. जातीतलंच स्थळ मिळावं म्हणून माणसं अडाणी आणि एम. ए. यांच्यातला फरकसुद्धा सोडायला तयार. म्हणजे बाजार एक नाहीच. छोटे छोटे बंद डबे, आणि प्रत्येक डब्यात ही ओढाताण."

मग सरांना गेल आणि शॅप्ली हे दोन गणितज्ञ आठवले. १९६२ सालचा त्यांचा निबंध: जोड्या जुळवताना जी बाजू मागणी घालायला जाते तिला जमण्यासारखं सगळ्यात चांगलं मिळतं, नुसतं वाट बघत बसणाऱ्याला सगळ्यात कमी. "पुढं २०१२ ला शॅप्लींना नोबेल मिळालं. पण आपल्याकडं स्थळ घेऊन जायची मुलीकडची माणसं, आणि वाकायचीही तीच. हे कोडं मला वर्गात कधी सोडवता आलं नाही."

मॅडम इतका वेळ स्कूटीवर बसून वडापाव खात होत्या. आमच्याच वर्गातली, आता बँकेत आहे म्हणून मॅडम. "कोडं कसलं, सर? मागणी घालायला बाप जातोय, मुलगी नाही. आणि आता पोराकडचे दोन लाख देतात तेही बापाला आणि एजंटाला. भाव वाढला म्हणे. वाढला तर तिच्या हातात काय पडलं?"

"ते राहू दे," पैलवान म्हणाला. "१८ हजाराचं सांग."

"सांगते. तुझ्या वहिनीचा दिवस बघितलायस? हंगामाच्या दिवसांत पहाटे चारला चूल, मग मजुरांचा चहा, मग बागेत डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवायचे, विरळणी, संध्याकाळी जनावरं. मजूर बाईला हजेरी मिळते, वहिनीला मिळते का? सातबारा सासऱ्याच्या नावावर, सोसायटीचं कर्ज घराच्या डोक्यावर. छाटणीनंतर चार दिवस पाऊस लागला, डाऊनीची बुरशी आली, की वर्ष गेलं. कर्जाच्या फायली माझ्या टेबलावर येतात, मला नको सांगू बागेचं. आणि चाकणला? दोन खोल्या भाड्याच्या. सात तारखेला पगार. भाजी काय करायची ते तिचं ती ठरवणार. तू जमिनीचा भाव लावतोयस, ती तिच्या दिवसाचा लावतेय."

बेदाणा म्हणाला, कंत्राट सुटलं की समजेल. मॅडम म्हणाली, समजेल, पण दोघांना मिळून समजेल. यावर पुन्हा दहा मिनिटं गेली, त्यात बेदाण्यानं त्याच्या आजीपर्यंत दाखले दिले. ते सोडून देतो.

मला विचाराल तर सरांचा हिशोब बरोबर आहे. वाडीतली पोरं का उरली ते त्यानं कळतं. पण त्या मुलीनं कुठं हो म्हटलं आणि का, हे मॅडमच्या चार वाक्यांनी कळलं. बेदाण्याला ती लालची वाटते, कारण बाईच्या कामाचा आकडा त्याच्या वहीत कधी चढलेलाच नाही.

पैलवान बराच वेळ मोबाइलवर भावाचा बायोडाटा वर-खाली करत होता. शेवटी म्हणाला, "मग यात एक ओळ टाकू काय, मुलीला शेतात काम करावं लागणार नाही म्हणून?"

"टाक की," मॅडम स्कूटी चालू करत म्हणाली. "आणि खाली काकूंची सही घे."