'खडू म्हणजे कॅल्शियम' हे कितपत खरं?

'खडू म्हणजे शुद्ध कॅल्शियम. चिमूटभर खा, हाडं मजबूत. चांदीजवळ ठेवा, ती काळी पडणार नाही. रेघ ओढा, मुंग्या फिरकणार नाहीत.' हा मेसेज पुन्हापुन्हा फिरतो. एकेक दावा पाहू.

शुद्ध कॅल्शियम. तो चकाकणारा धातू आहे आणि पाण्यात टाकला की हायड्रोजन सोडतो. म्हणायचं असेल कॅल्शियम कार्बोनेट. खाणीतला खडू खरंच त्याचा असतो, समुद्री सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा. फळ्यावरचे पुष्कळ खडू मात्र प्लास्टर ऑफ पॅरिस साच्यात ओतून केलेले, म्हणजे जिप्समचे (स्फटिकात पाणी असलेल्या कॅल्शियम सल्फेटचे) असतात. कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं, जिप्सममध्ये सुमारे २३.

हातातला खडू कोणता, हे व्हिनेगर सांगतं. पण अख्खा तुकडा बुडवून बुडबुडे मोजू नका. खडू सच्छिद्र असल्यामुळे त्याच्यातली हवा साध्या पाण्यातही बुडबुड्यांनी बाहेर येते आणि लोक इथेच फसतात. तुकडा कुटा, पूड पाण्यात कालवा, बुडबुडे थांबू द्या, मग व्हिनेगर घाला. जोरात फसफसलं तर कार्बोनेट. ढिम्म राहिलं तर बहुधा जिप्सम.

आकडा हवा असेल तर ०.१ ग्रॅमचा काटा लागेल. ५ टक्क्यांचं ७० मिली व्हिनेगर ग्लासात घ्या, शेजारी कागदावर २ ग्रॅम कोरडी पूड ठेवा आणि सगळं एकत्र तोला. पूड थोडी थोडी टाका, कारण एकदम टाकली तर फेस उतू जातो आणि हिशेब बिघडतो. अर्धा तास अधूनमधून ढवळून रिकाम्या कागदासकट पुन्हा तोला. वजनातली घट म्हणजे उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. शुद्ध कार्बोनेटमधून तो जास्तीत जास्त ०.८८ ग्रॅम निघतो. थोडा विरघळून राहतो, म्हणून काटा जरा कमी घट दाखवेल.

खाल्ल्याने हाडं मजबूत. औषधी गोळ्यांत कार्बोनेट असतं हे खरं, पण त्याची शुद्धता तपासलेली आणि मात्रा ठरलेली असते. फळ्याच्या खडूतले चिकटद्रव्य आणि रंग खाण्यासाठी निवडलेले नसतात. खडू-माती खावीशी वाटणं हे कधीकधी लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं. अशा वेळी रक्त तपासून घ्यावं.

चांदी. ती काळवंडते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. ओलावा त्याला मदत करतो. खडू पाण्याचा थेंब चटकन पितो, पण हवेतली वाफ सिलिका जेलसारखी धरून ठेवत नाही. खडू चांदीच्या डब्यात ठेवण्याआधी आणि आठवड्याने त्याच काट्यावर तोलून पाहा. आधी 'पूर्ण कोरडा' करायला ओव्हनमध्ये मात्र घालू नका: तापल्यावर जिप्सम स्वतःच्या स्फटिकातलं पाणी सोडतं. नंतर वजन वाढलं तरी ते खडूने गमावलेलंच पाणी असू शकतं.

मुंग्या. साध्या पुडीने त्यांच्या वासाचा माग तुटतो. त्या गोंधळतात आणि थोड्या वेळात वळसा घालून जातात. मुंग्या मारणारा खडू वेगळाच. त्यात पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं आणि दिसायला तो हुबेहूब फळ्याच्या खडूसारखा. 'चिमूटभर खा' आणि 'रेघ ओढा' हे एकाच मेसेजमध्ये आहे, म्हणून सांगायचं: दोन्ही खडू एका डब्यात कधीही ठेवू नका आणि कीटकनाशकाचा खडू मुलांच्या हाती लागेल असा तर नकोच.