"नाक थंड, पोट गोल, इंजेक्शन झालंय" एवढ्यावर पिल्लू घरी आणू नका

कुत्र्याचं पिल्लू घेण्याबद्दलचा एक मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की नाक ओलं नि थंड पाहिजे, पोट गरगरीत पाहिजे, पहिलं इंजेक्शन आणि केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद पाहिजे, एवढं असलं की डॉक्टरला पैसे घालवायची गरज नाही, आणि महिन्याभराचंच आणा म्हणजे लळा पटकन लागतो. हे वाचून लोक खरंच पिल्लं उचलून आणतायत म्हणून लिहितेय.

आधी नाक. झोपेतून उठलेल्या धडधाकट पिल्लाचं नाक कोरडं असू शकतं आणि आजारी पिल्लाचं ओलं, ताप थर्मामीटरनेच कळतो, तो गुदद्वारातून लावतात आणि साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट नॉर्मल धरतात. त्यापेक्षा ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी हव्यात, बोटाने दाबल्यावर पडलेला पांढरा डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढरट असतील तर बहुतेक रक्त कमी आहे, लहान पिल्लात हुकवर्म (आतड्यात रक्त पिणारे जंत), गोचिड्या नाहीतर पिसवा हे नेहमीचं कारण. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, डोळ्यांत चिपडं आणि खोकला असं एकत्र दिसलं तर डिस्टेंपर या जीवघेण्या व्हायरल आजाराची शंका घ्यायलाच हवी.

पोट फुगलेलं आणि वर बरगड्या, पाठीचा कणा हाताला लागतोय, म्हणजे ते भरपूर खाल्लेलं नाही, ते जंत असू शकतात. गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात जातात, नंतर दुधातूनही, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी औषध देतात. घरात रांगणारं मूल असेल तर हे अजिबात हलक्यात घेऊ नका, या जंतांची अंडी पोटात गेली तर अळ्या माणसाच्या लिव्हरपर्यंत, डोळ्यापर्यंत जाऊ शकतात.

आता इंजेक्शन, सगळ्यात जास्त पिल्लं इथल्या गैरसमजात जातात. आईच्या चिकातून पिल्लाला अँटीबॉडी मिळतात, त्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, आणि त्या कधी संपतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणूनच 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, 16 आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात, एका डोसावर पार्वो या जीवघेण्या व्हायरसपासून सुटका नाही. शिवाय पार्वोची लागण झाल्यावर साधारण 3 ते 7 दिवस काहीच दिसत नाही, रविवारी उड्या मारणारं पिल्लू गुरुवारी उलट्या आणि रक्ताचे जुलाब करत पडतं आणि विकणारा म्हणतो तुमच्याकडे आल्यावर झालं! कार्डावर लसीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरची सही-शिक्का बघा. नुसतं पेनाने "लस दिली" लिहिलेलं मी धरतच नाही, लस 2 ते 8 डिग्री सेल्सिअसमध्ये ठेवलेली नसेल तर टोचून उपयोग काय. घरात आधीचं कुत्रं पार्वोने गेलं असेल तर डॉक्टरला तसं आधीच सांगा, तो व्हायरस कित्येक महिने टिकतो.

महिन्याभराचं पिल्लू तर घ्यायचंच नाही. 2017 च्या केंद्राच्या ब्रीडिंग नियमांत 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे, आणि चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांत खेळूनच शिकतं.

केसीआयचा कागद वंशावळीचा असतो, तब्येतीचा नाही.

आणि डॉक्टरचे पैसे वाया जात नाहीत. हृदयात मर्मर (ठोक्यांतला जादा आवाज), बेंबीचा हर्निया, फाटलेली टाळू हे तुमच्या-माझ्या सहज लक्षात येत नाही, डॉक्टर थोड्या वेळात तपासून सांगतात. व्यवहार ठरवतानाच सांगा की आधी आमच्या डॉक्टरकडे दाखवू, मग पूर्ण पैसे, आणि पिल्लाची आई नि राहायची जागा बघायला मागा. आई गावाला आहे, पिल्लू हायवेवर आणून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून घेऊ नका.