आधी पत्रा बघा, मग फिल्मचं बोला

आज सकाळी एका जुन्या जिप्सीच्या मागच्या दारावरची मॅट फिल्म (रंगावर चिकटवायचा बिनचमकीचा व्हिनाइलचा थर) काढताना बघितली आणि डोकं अजून तापलेलंच आहे. हीट गनने कोपरा गरम केला, फिल्म ओढली, तर गोंदाला चिकटून रंग आला, रंगाला चिकटून पुट्टीचा पापुद्रा आला आणि त्याच्या पाठीवर गंजाची तपकिरी भुकटी. खाली तळहाताएवढं भोक. फिल्म लावून दोन पावसाळेही झाले नव्हते. मालक कॉलेजातला मुलगा. दसऱ्याच्या पूजेला गाडी नवी दिसावी म्हणून त्याने हौसेने पैसे भरले होते आणि दुकानदाराने "तीन दिवसांत देतो" म्हणत फिल्म लावूनही दिली होती.

इंदुरात सध्या ज्याला त्याला जुन्या जीपवर फिल्म हवी आहे. लावा. पण ती कशावर चिकटणार आहे, हे तरी विचारा! फिल्म रंगाला धरते, रंग पुट्टीला, पुट्टी पत्र्याला. यातला सगळ्यात कच्चा जोड जिथे असेल तिथून सगळं सुटणार. चांगली कास्ट फिल्म, म्हणजे पातळ ओतून बनवलेली, गोंदासकट जेमतेम ९० मायक्रॉनची असते. ती खालचा खड्डा भरत नाही, गंज थांबवत नाही, पुट्टीची लाटही लपवत नाही. ग्लॉसमध्ये तर ती लाट आणखी उठून दिसते, म्हणून अशा गाड्यांच्या मालकांच्या गळ्यात हमखास मॅट मारतात.

स्वस्तातली कॅलेंडर्ड, म्हणजे रोलरखाली लाटलेली फिल्म तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोनेटवर लावूच नये. वरून बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, खालून इंजिनची धग. ती आकसते, कडा मागे सरकतात, उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसून काळी रेघ तयार होते. काढायला जाल तर फिल्म तुकड्या-तुकड्यांनी येते आणि गोंद गाडीवरच राहतो.

आता त्या दाराचं. जिप्सी काय किंवा जुनी महिंद्रा काय, बाहेर बिजागऱ्या, रिव्हेट, हुक, दुमडलेल्या पत्र्याच्या कडा. प्रत्येक ठिकाणी फिल्म कापावी लागते आणि प्रत्येक कापातून पाणी शिरतं. शिरलेलं पाणी फिल्मखाली वाळत नाही. त्यात आपली माळव्याची काळी माती. चोरल किंवा पाताळपाणीच्या बाजूला एक पावसाळी फेरी मारा, चाकांच्या कमानीत आणि दारांच्या खालच्या कडेला ती लिंपल्यासारखी बसते आणि वरून कोरडी दिसली तरी आत ओल धरून असते. त्या दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मातीने आणि पुट्टीने गच्च बुजलेली होती. म्हणजे पत्रा आतून सडत होता आणि बाहेरून त्याला सजवणं चाललं होतं. ओल्या भिंतीवर वॉलपेपर लावण्यातला प्रकार.

आणि हे आधी कळू शकलं असतं, याचा जास्त राग येतो. मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे पकड सैल, तिथे पुट्टी जाड. जाडी मोजायचं गेज मिळालं तर उत्तमच: कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, एकदा पुन्हा मारलेला असेल तर त्याच्या दुप्पट-अडीचपट, आणि आकडा ५००च्या वर गेला की पुट्टी आहे असं समजा. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं न दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट घासा. रंग फडक्यावर उतरला तर तो हार्डनरचा (कडक करणारं रसायन मिसळून मारलेला) रंग नाही, त्यावर फिल्म नकोच. ब्लेडने बारीक चौकडी कापून त्यावर मजबूत टेप दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपवर आले तर उद्या ते फिल्मवरही येणार. हे सगळं व्हायला पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्या दुकानात कुणी पंधरा मिनिटं काढली नाहीत.

फिल्मची बाजू घेणारे मित्र आता येतीलच. मान्य आहे, कंपनीचा मूळ रंग शाबूत असेल, पत्रा ठणठणीत असेल, तर चांगली कास्ट फिल्म रंगापेक्षा सोयीची आहे: मूळ रंग जपला जातो, एक पॅनल फाटलं तर तेवढंच बदलता येतं. पण पंचवीस वर्षं बाभळी आणि घाणेरीच्या झुडपांतून फिरलेल्या किती गाड्यांचा मूळ रंग शाबूत आहे? लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सींवर तर रंगाचे थरावर थर असतात. आणि काट्याने फिल्म ओरखडत नाही, फाटते. मॅटवर सुकलेली माती कोरड्या फडक्याने पुसली की चकचकीत डाग पडतात, ते पॉलिशने जात नाहीत. उलट जास्तच चमकतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. जुनी, रानात जाणारी गाडी असेल तर रंग. तोही साधा, सॉलिड पीयू (पॉलियुरेथेन), ज्यावर क्लिअरचा वेगळा थर लागत नाही असा. मेटॅलिक नको, कारण मेटॅलिकचा ओरखडा तेवढ्यापुरता मिटवता येत नाही, अख्खं पॅनल मारावं लागतं.

रंगातही फसवणूक होतेच, तिथे डेंटर-पेंटरच्या डोक्यावर उभं राहा. सडलेला पत्रा कापून तेवढ्याच जाडीचा नवा लावायचा, वेल्डिंग तुकड्या-तुकड्याने, नाहीतर पत्रा वाकतो. सांध्यावर सीम सीलर, म्हणजे फट बुजवणारी पेस्ट. उरलेला वरवरचा गंज वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने पांढऱ्या पत्र्यापर्यंत. त्यावर टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, आणि पुट्टी त्या इपॉक्सीवर. उघड्या पत्र्यावर नाही, कारण पुट्टी पाणी पिते. पुट्टी तीन मिलिमीटरच्या आत. हार्डनरची पेस्ट वजनाने साधारण दोन टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातली की महिन्याभराने रंगावर डाग उमटतो. एनसी पुट्टीने (हार्डनर न लागणारी, नुसती हवेत सुकणारी) खड्डे भरू देऊ नका. ती मागाहून बसते आणि घासल्याच्या रेघा वर दिसायला लागतात.

मग टू-के सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा प्रायमर, त्यावर काळ्या रंगाची हलकी फवारणी, आणि ४०० नि ६०० नंबरच्या पेपरने घासणं. काळं जिथे उरलं तिथे खोलगट. बाहेरच्या बॉडीला साधारण तीन लिटर रंग धरा, दोन-तीन हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. कॉम्प्रेसरच्या लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर असलाच पाहिजे, नाहीतर पुढे फोड येतात. पाऊस पूर्ण ओसरल्यावर हे काम काढा. दसरा साधायची घाई कशाला? राखाडी प्रायमरमधल्या गाडीचीही पूजा होते.

आणि हार्डनरच्या रंगात आयसोसायनेट असतं. साधा कापडी मास्क लावून तो मारणाऱ्या माणसाची फुप्फुसं जातात. बाहेरची हवा पुरवणारा मास्क नसेल तिथे काम देऊ नका. याबाबत मी कुणाचं काही ऐकणार नाही.

त्या मुलावर माझा अजिबात राग नाही. गाडीवर जीव आहे त्याचा, दार उघडं पडल्यावर बराच वेळ नुसता भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होता. चॅसी चांगली आहे, बोनेट चांगलं आहे, विंडशील्डची खालची चौकट थोडी गेली आहे, पण गाडी वाचणारी आहे. राग आहे तो "गंज दिसणारच नाही" हे वाक्य गुण म्हणून विकणाऱ्यांवर. अरे, गंज दिसलाच पाहिजे! दिसला तर मालक काही करेल.

रंग बदलणार असाल तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्या, फिल्मने बदललात तरी. आणि ऑलिव्ह ग्रीन मागू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमानुसार तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. दर दुसऱ्या जीपवाल्याला तोच हवा असतो, म्हणून लिहिलं.

नव्या रंगावर पट्टे किंवा एखादा फिल्मचा तुकडा लावायचाच असेल तर निदान तीन-चार आठवडे थांबा, रंगातलं सॉल्व्हंट निघून जाऊ द्या, नाहीतर खाली बुडबुडे धरतात. काम झाल्यावर पेंटरकडून उरलेला पाव लिटर रंग हार्डनर न घालता घट्ट झाकणाच्या डब्यात मागून घ्या, हार्डनर वेगळा, डब्यावर शेड नंबर लिहून. फेरीवरून आल्यावर गाडी धुवा, दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. पत्रा दिसेल इतका खोल ओरखडा असेल तर तेवढ्यापुरता पेपर मारा, इपॉक्सीचा एक थेंब, वाळला की बारीक ब्रशने रंग. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.