पॉशची ती बोट एकदाची बुडवा

"पॉश हा शब्द मुंबईच्या बोटीतून आला" वालं फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर कितीतरी वेळा आलं, मी गप्प बसलो. आता भाचीने तेच शाळेच्या असेंब्लीत वाचून दाखवलंय आणि ताई कौतुकाने व्हिडिओ पाठवत सुटलीय, म्हणून लिहितोय.

दावा काय, तर पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटीने इंग्लंडहून मुंबईला येणारे श्रीमंत साहेब ऊन टाळायला येताना डावीकडची म्हणजे पोर्टची कॅबिन घ्यायचे, जाताना उजवीकडची, स्टारबोर्डची. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', त्याची आद्याक्षरं तिकिटावर छापायचे, झाला पॉश!

बरं, मग ते तिकीट कुठाय? असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, ऑक्सफर्ड डिक्शनरीही सरळ सांगते की या गोष्टीला पुरावा नाही. आणि जरा डोकं चालवा ना, कॅबिनचा नंबर दिला की बाजू आपोआप ठरली, वर शिक्का कशाला? एसटीच्या तिकिटावर सीट नंबर टाकून परत 'खिडकी' असा छाप मारतात का?

त्यात हा शब्द या गोष्टीपेक्षा जुना. 1830 च्या आसपास लंडनच्या चोरबाजारी बोलीत पॉश म्हणजे अर्धा पेनी, सुटे पैसे, बहुतेक रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या भाषेतल्या 'अर्धा' वरून आलेला. 1890 च्या एका स्लँग डिक्शनरीत पॉश म्हणजे नटवा, छानछोकी माणूस. पॉश म्हणजे झकपक हा अर्थ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापलेला दिसतो आणि बोटीची गोष्ट त्याच्याही नंतर, 1930 च्या दशकात. या बोटी ज्यातून यायच्या तो सुएझ कालवा तर 1869 लाच सुरू झालेला, मग इतकी वर्षं कुणाला आठवलं नाही?

आता ऊन-सावलीचं म्हणाल तर ते खरंय, मान्य. तांबड्या समुद्रातून खाली येताना दुपारनंतरचं ऊन उजवीकडे असतं, तेव्हा एसी नसताना डावी कॅबिन बरी पडत असणार. पण म्हणून शब्द तिथून आला असं होत नाही.

'गोल्फ म्हणजे जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' हेही त्याच लायकीचं. स्कॉटलंडमध्ये गोल्फ खेळू नका असं सांगणाऱ्या 1457 च्या बंदीहुकमातच तो शब्द आहे.

सगळ्यात डोकं फिरलं ते शेवटच्या ओळीने, "म्हणूनच ऑफिसात पॉश कमिटी असते." अरे बाबांनो, ते प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरासमेंट, 2013 चा कायदा! दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात ही कमिटी लागतेच, बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकायला, साहेबाच्या सावलीशी तिचा काय संबंध? ताई, ही ओळसुद्धा पोरीने माइकवर वाचलीय. व्हिडिओ पाठवणं थांबव आणि आधी टीचरना फोन कर.