‘फुकट दिलं की किंमत राहत नाही’ हा मेसेज वचनापुढे टिकत नाही

ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोलीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, प्रेझ द लॉर्डने सुरू होणारा, खाली हात जोडलेले इमोजी. मला तो तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला, त्यातल्या एका ठिकाणी तर एका पास्टरांनीच टाकलाय. त्यात म्हटलंय की ख्रिस्ती मिनिस्ट्रीने, म्हणजे सेवासंस्थेने, आपल्या पुस्तकांना, बायबल कोर्सला, संडे स्कूलच्या पाठांना पैसे घेतलेच पाहिजेत. कारणं अशी की कामकरी मजुरीला योग्य आहे, छपाईला खर्च येतो, फुकट सोडलं की कोणीही त्यात भेसळ करतो, फुकटची लोकांना किंमत नसते, खरा गरीब असेल त्याने मागितलं तर आम्ही देतोच, शिवाय बायबलसुद्धा विकतच मिळतं. आणि शेवटी, पीडीएफ फॉरवर्ड करणारा विश्वासी म्हणजे चोर. मी कळव्यात संडे स्कूल शिकवते, मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, घेते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता चर्चेचा नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी ते मजुरीचं वचन, कारण सगळा मेसेज त्याच्यावरच उभा आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं, लूक १०:७. आता हे वचन कुठे आलंय ते उघडून बघा. येशू शिष्यांना गावोगाव पाठवतोय आणि सांगतोय की ज्या घरी उतराल तिथे जे वाढतील ते खा, प्या, घरं बदलत फिरू नका. म्हणजे पाहुणचार घ्या असं सांगितलंय, ऐकणाऱ्यांकडून प्रवचनाची फी घ्या असं नाही. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच गोष्ट आहे, १० व्या अध्यायात, तिथे १० व्या वचनात कामकऱ्याला पोटापुरतं मिळालं पाहिजे म्हटलंय आणि त्याच्या फक्त दोन वचनं आधी, ८ व्यात, ‘फुकट मिळाले, फुकट द्या’. दोन्ही एकाच दमात, एकाच माणसांना सांगितलेलं. म्हणजे येशूच्या मनात या दोन गोष्टींत भांडण नव्हतंच, कामकऱ्याला सांभाळायचं आणि वचन मात्र फुकट द्यायचं. मेसेजमध्ये मजुरीचं वचन घेतलं आणि फुकट देण्याचं सोडलं, हे बरोबर नाही.

प्रेषित पौलाच्या पत्रांचंही तसंच केलंय. मळणीच्या बैलाला मुसकी बांधू नको हे १ करिंथ ९ मधलं घेतलंय, पण तो अख्खा अध्याय वाचा ना. पौल आधी पुराव्यामागून पुरावे देतो की मला तुमच्याकडून घ्यायचा हक्क आहे, आणि मग १२ व्या वचनात म्हणतो की आम्ही हा हक्क वापरला नाही, ख्रिस्ताच्या सुवार्तेला अडथळा होऊ नये म्हणून. १८ व्यात तर स्पष्टच आहे, माझं वेतन काय, तर सुवार्ता फुकट सांगणं. करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू शिवत होता. आणि तेवढ्याने भागत नव्हतं तेव्हा मासेदोनियातून आलेल्या भावांनी त्याची गरज भागवली, हे २ करिंथ ११ मध्ये आहे. म्हणजे शिकले करिंथकर आणि पैसे दिले दुसऱ्यांनी, ज्यांना हे काम आपलं वाटत होतं त्यांनी. याला माझा काही विरोध नाही, उलट मंडळीने पास्टरांना, लेखकाला, भाषांतर करणाऱ्याला पोटभर दिलं पाहिजे, गलतीकरांस पत्र ६:६ तेच सांगतं, आणि आपल्याकडे कितीतरी सेवकांची घरं कशी चालतात ते बघवत नाही. पण बैल खातो तो मालकाच्या खळ्यातलं. खळ्याच्या दारात उभं राहून भाकरीला आलेल्या माणसाकडून वसुली करायची असं त्या वचनात कुठेही नाही.

आता ‘मागितलं तर आम्ही देतोच’. या वाक्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ते लिहिणाऱ्याला बहुतेक माहीतच नाही की मागणं म्हणजे काय असतं. एका मिनिस्ट्रीचा व्हीबीएसचा सेट होता, चित्रं सुंदर, पाठ पण चांगले. मुलामागे १५० रुपये वर्कबुकचे, टीचर गाईड वेगळी, आणि खाली लिहिलेलं की परवडत नसेल तर फॉर्म भरा. फॉर्म इंग्रजीत. मंडळीचा रजिस्ट्रेशन नंबर, लेटरहेडवर पास्टरांचं पत्र, मंडळीचं महिन्याचं अर्पण किती, आणि फुकट का हवंय याचं कारण. आमच्याकडे कळवा पूर्वेला डोंगरावरच्या वस्तीत प्रार्थनेची एक छोटी संगती भरते, एका मावशींच्या खोलीत, भांड्यांची मांडणी आणि पलंग यांच्यामध्ये जेवढी जागा उरते तेवढ्यात मुलं बसतात, बाकीची दारात. त्या मावशी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करतात, सकाळी निघतात ते दुपारी परत, आणि संध्याकाळी या मुलांना गोष्टी सांगतात. त्यांचं कसलं लेटरहेड आणि कसला रजिस्ट्रेशन नंबर? मी म्हटलं मी भरून देते फॉर्म, तर म्हणाल्या, ‘नको ताई, आपण गरीब आहोत असं लिहून द्यायचं का त्यांना? मी सांगते तोंडी जसं येतं तसं.’ आणि त्यांनी तसंच सांगितलं. त्या सेटमधलं एक पान त्या खोलीत गेलं नाही.

अशा माणसांचा आकडा कुठल्याच मिनिस्ट्रीकडे नसतो, कारण जो मागतच नाही तो त्यांच्या हिशोबात येत नाही. त्यांना वाटतं की मागितलेल्या सगळ्यांना दिलं, म्हणजे कोणी वंचित राहिलं नाही. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला तिथे उभा राहा म्हणणाऱ्या मंडळीला किती कडक शब्दांत सुनावलंय ते आठवा. आणि जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात, ३१ व्या अध्यायात, दर सात वर्षांनी नियमशास्त्र सगळ्यांपुढे वाचायचं, पुरुष, बायका, मुलं, वेशीच्या आतले परके, सगळे. तिथे आधी गरिबी सिद्ध करून दाखवायची अट नव्हती.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. कागद, छपाई, चित्रकार, सर्व्हर, ऑफिसचं भाडं, नवी मुंबईत ऑफिस घेऊन बघा म्हणजे कळेल. पण खर्च आहे म्हणून शिकणाऱ्याकडूनच घ्यायचा हा एकच मार्ग आहे का? अमेरिकेतल्या ग्रेस टू यू या मिनिस्ट्रीने २००८ मध्ये पास्टर जॉन मकार्थर यांची हजारो प्रवचनं फुकट डाउनलोडला खुली केली. तिकडच्याच लाइफ चर्चने त्याच वर्षी यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप काढलं, आजही फुकट आहे, आणि तेच चर्च आपले मुलांचे पाठसुद्धा दुसऱ्या मंडळ्यांना फुकट देतं. बायबल समजावून सांगणारे बायबल प्रोजेक्टचे व्हिडिओ लोकांच्या देणग्यांवर बनतात. कोणी म्हणेल त्या अमेरिकेच्या गोष्टी, तिकडे पैसा आहे. मग आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावला या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायका-मुली टाइप जुळवत होत्या, १९२२ मध्ये रमाबाई गेल्या तोपर्यंत काम संपत आलं होतं. एवढी वर्षं हे काम कशावर चाललं? मुक्तीसाठी प्रार्थना करून देणाऱ्यांच्या देणग्यांवर.

आणि फुकटची किंमत नसते म्हणणाऱ्यांना मी विचारते, मराठी माणसाला हे कोणी शिकवलं? तुकोबांचा अभंग आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, जिथे कीर्तन करायचं तिथे जेवायचंसुद्धा नाही, आणि पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात इथवर ते म्हणतात. त्या कीर्तनाची किंमत कमी झाली का? रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, आणि त्यांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून दिला. त्यांची गाणी आपण दर रविवारी गातो. लोक पाठ शिकत नाहीत, वह्या कोपऱ्यात पडतात, हे होतं, मी बघते, पण ते पैसे भरून घेतलेल्या कोर्सचंही होतं. मुलांनी शिकावं असं वाटत असेल तर त्यांच्या घरी जा, आईशी बोला, पुढच्या रविवारी विचारा मागचं काय आठवतंय. दीडशे रुपयांनी ते काम होत नाही.

भेसळीची भीती मी समजू शकते. आपल्याकडे चुकीची शिकवण देणारे कमी नाहीत. पण ज्याला खोटं शिकवायचंय तो कॉपीराइट बघून थांबतो का? थांबतो तो प्रामाणिक टीचर. एका पाठात मुलांनी बर्फाचा माणूस बनवायचा होता, कळव्यात, मे महिन्यात. मला तिथे मातीचं काहीतरी घालायचं होतं आणि दोन अवघड परिच्छेद साध्या मराठीत करायचे होते, परवानगीसाठी मेल केली, उत्तर आलं तेव्हा शाळा सुरू झालेल्या. आपल्या कायद्यात लिहिल्या क्षणी कॉपीराइट आपोआप लागतो आणि लेखक गेल्यावरही ६० वर्षं राहतो, त्यामुळे मिनिस्ट्री गप्प बसली तरी त्याचा अर्थ मनाई असाच होतो. यावर उपाय तयार आहे, क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्स, म्हणजे लेखकाने सगळ्यांना आधीच देऊन ठेवायच्या तयार परवानग्या, २००२ पासून आहेत, त्यात बदल चालणार नाही असंही लिहिता येतं, किंवा बदल करा पण मूळ आमचं आहे आणि बदल तुमचा आहे हे सांगा असंही. अनफोल्डिंगवर्ड या मिनिस्ट्रीने काढलेल्या बायबलमधल्या ५० गोष्टी अशाच खुल्या आहेत, भाषांतर करा, छापा, वाटा, फक्त नाव द्या आणि पुढच्यालाही तीच मोकळीक द्या.

चोर म्हणण्याबद्दल एवढंच, जिथे मनाई लिहिलीय तिथे मी कॉपी करत नाही आणि कोणी करावी असंही म्हणत नाही. माझं सगळं म्हणणं मनाई लिहिणाऱ्यांना आहे. आणि झेरॉक्सवाल्याकडे पानाला दोन रुपये स्वतःच्या खिशातून देऊन मुलांसाठी पाठ काढणाऱ्या संडे स्कूलच्या मुलीला भर ग्रुपवर चोर म्हणणं पास्टरांना शोभत नाही.

राहिलं बायबल विकत मिळतं हे. हो मिळतं, पण बायबल सोसायटी देणग्या घेऊन ते खर्चाच्या खालच्या किमतीला देते, आणि तेच वचन मोबाइलवर फुकट वाचता येतं. मिनिस्ट्रीनेही तसंच करावं ना. छापलेल्या वहीचे कागद-छपाईचे पैसे घ्या, कोणाचीच तक्रार नाही, पावतीवर तसं लिहा. त्याच पाठाची पीडीएफ मात्र उघडी ठेवा, पहिल्या पानावर मराठीत लिहा की छापा, वाटा, भाषांतर करा, आणि त्याखाली देणगीसाठी क्यूआर कोड टाका. हे पुढच्या व्हीबीएसच्या आधी झालं तर पहिली प्रिंट मी डोंगरावरच्या त्या खोलीत नेऊन देईन, फॉर्म न भरता.