सावलीवरून ओळखू येणारे पात्र

२०२५ साली ‘महावतार नरसिंह’ तिकीटबारीवर चालला आणि भारतीय ॲनिमेशनपटांवरचा आपला जुना वाद पुन्हा रंगला. एका बाजूचे म्हणणे असे, की आता आपणही हॉलिवूडच्या तोडीचे काम करू शकतो. दुसऱ्या बाजूला त्यातली पात्रे व्हिडिओ गेममधून उचलल्यासारखी वाटतात आणि त्याचे खापर ती बजेटवर फोडते. डब्लिनमध्ये बसून ही चर्चा वाचताना मला जाणवते ते हे, की पात्राचा घाट कुणी आणि कशाच्या आधाराने ठरवला, हे कुणीच विचारत नाही.

इथून गाडीने दीडेक तासावर किल्केनी आहे, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढे. तिथे १९९९ साली टॉम मूर, नोरा टूमी आणि पॉल यंग यांनी कार्टून सलून हा स्टुडिओ काढला. त्यांच्या ‘वुल्फवॉकर्स’ या ॲनिमेशनपटाची (२०२०) गोष्ट १६५० च्या किल्केनीत घडते: तटाच्या आत इंग्रजांच्या ताब्यातले शहर, तटाबाहेर रान. शहरातली माणसे कोनदार रेषांनी, जुन्या लाकडी ठशांच्या छपाईसारखी काढली आहेत. छपाईत सरकतो तसा रंगही कुठेकुठे रेषेबाहेर सरकलेला दिसतो. तिथला हुकूमशहा लॉर्ड प्रोटेक्टर तर जवळजवळ चौकोनच आहे. रानातल्या मेव्ह या मुलीचे केस म्हणजे पानाकाड्या अडकलेले जंजाळ, आणि पक्के चित्र करताना एरवी खोडून टाकतात त्या पेन्सिलीच्या कच्च्या रेषा तिच्या अंगावर मुद्दाम राखल्या आहेत. शहरातली रॉबिन रानाकडे ओढली जाते तसतशी तिची रेषाही सैल होते. कोण कुणाच्या बाजूचे, हे संवादांच्या आधीच डोळ्यांना कळलेले असते.

पात्राचा घाट ठरवण्याच्या या कामाची पहिली कसोटी सावलीची. आकृती संपूर्ण काळी भरायची, आणि तरीही ती कोणाची आहे व ती काय करते आहे, हे ओळखू आले पाहिजे. मग मॉडेल शीट तयार होते. पात्र समोरून, पाऊण वळलेले, बाजूने आणि पाठमोरे कसे दिसते, त्याची उंची किती डोक्यांएवढी, हसताना गाल किती वर जातात, हे सगळे त्यावर ठरते, कारण पुढे तेच पात्र अनेक हातांनी काढले जाणार असते. आपल्या पौराणिक चित्रपटांत मात्र दंड किती फुगवायचे यावरच बहुधा जास्त खल होत असावा. देव, दानव आणि राजे यांच्यातला फरक मग मुकुट आणि रंग यांवर येऊन ठेपतो.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांना ही कसोटी कुणी शिकवायची गरज नाही. दिव्याच्या उजेडात पडद्यावर चामड्याची बाहुली नाचवायची, तर बाह्यरेषा बोलकी नसेल तेव्हा मागे बसलेल्याला राम कुठला आणि रावण कुठला हे कसे कळणार? अर्थात चित्रकथीतली, म्हणजे याच कलावंतांच्या चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेतली, नक्षी पात्राच्या उपरण्यावर छापली की काम झाले, असा याचा अर्थ नव्हे. ‘द सीक्रेट ऑफ केल्स’ (२००९) करताना कार्टून सलूनने ‘बुक ऑफ केल्स’ या मध्ययुगीन हस्तलिखितातली वेलबुट्टी तेवढी उचलली नाही. त्या पानांवर खोलीचा भास नसतो, म्हणून चित्रपटाचे जगही सपाट ठेवले आणि त्या जगात शोभतील अशा साध्या भौमितिक आकारांची माणसे रचली.

पैशाचा मुद्दा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. ‘केल्स’मागे आयर्लंडच्या सरकारी चित्रपट मंडळाचा हात होता, शिवाय फ्रान्स आणि बेल्जियमची भागीदारी होती. पण इथली सुरुवातही परक्यांच्याच कामापासून झाली. १९८०च्या दशकात डॉन ब्लूथ यांचा अमेरिकी स्टुडिओ डब्लिनला आला, त्याच्या ओघात बॅलीफर्मट कॉलेजात ॲनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला, स्टुडिओ १९९५ मध्ये बंद पडला, पण त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे स्वतःच्या गोष्टी काढल्या. मुंबईत तर फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेचा कार्टून विभाग १९५६ मध्येच सुरू झाला होता. ‘बॅम्बी’वर काम केलेले डिस्नेचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि पुढे नावाजलेले ॲनिमेशनकार राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्याच संस्थेच्या १९७४ च्या ‘एक अनेक और एकता’तली मुले मोजक्या रेषांची आहेत, तरी एका पिढीला ती अजून आठवतात.

मग अडले कुठे? माझ्या मते कंत्राटी कामात. मुंबई, पुणे, हैदराबाद इथले चित्रकार परदेशी पात्रे उत्तम हलवतात, पण ती पात्रे त्यांच्या टेबलावर येतात तेव्हा मॉडेल शीट दुसऱ्याच देशात मंजूर झालेले असते. हात तयार होतो, ठरवण्याची सवय मात्र लागत नाही. आणि घरचा चित्रपट निघाला की ठरवण्यासाठीचा वेळच सगळ्यात आधी कापला जातो. नव्या चित्रपटाची घोषणा करताना निर्मात्यांनी बजेटच्या आकड्याऐवजी पात्रांच्या काळ्या आकृत्या छापून दाखवाव्यात, म्हणजे निदान वाद तरी योग्य जागी सुरू होईल.