लिंक दहापट केली, तरी ॲप तेवढंच संथ का?

सध्या एक सल्ला बराच फिरतोय. शाखेतून ॲप्लिकेशन संथ चालतंय? लिंक 10 एमबीपीएसची 100 करा, काम दहापट वेगाने होईल. लीज्ड लाइन किंवा एमपीएलएससारखी प्रायव्हेट लिंक असेल तर लेटन्सीची, म्हणजे डेटा पोहोचायला लागणाऱ्या वेळेची, चिंता नको, ते इंटरनेटचं दुखणं. आणि तरीही फाइल कॉपी रखडली, तर प्रोव्हायडर बँडविड्थ कमी देतोय.

यातलं 'दहापट' सगळ्यात महागात पडतं. समजा, शाखा आणि डेटा सेंटर यांच्यात पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, 80 मिलिसेकंद आहे. एक फॉर्म उघडताना ॲप डेटाबेसकडे 300 क्वेरी (माहितीच्या विचारणा) पाठवतं आणि पहिलीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी निघत नाही. 300 गुणिले 80, म्हणजे 24 सेकंद. क्वेरी आणि उत्तर मिळून 1500 बाइट धरले, तर ते 10 एमबीपीएसच्या लिंकवर चढायला 1.2 मिलिसेकंद लागतात, 100 वर 0.12. म्हणजे दहापट लिंक घेऊन अख्ख्या फॉर्ममागे वाचला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. पैसे गेले, आणि शाखेतला माणूस अजून स्क्रीनकडे बघत बसलाय. याचा मला खरोखर राग येतो, कारण इलाज दुसरीकडे आहे: 300 क्वेरींचं काम तीन-चार क्वेरींत बसवा, किंवा ॲप डेटाबेसच्या शेजारी चालवून शाखेत फक्त स्क्रीन पोहोचवा. लॅनवर, म्हणजे एकाच इमारतीतल्या नेटवर्कवर, अर्ध्या मिलिसेकंदात उत्तर येतं, त्यामुळे टेस्टिंगमध्ये हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

'प्रायव्हेट लिंकला लेटन्सी नसते' हे तर साफ चूक. प्रायव्हेट म्हणजे तुमचा ट्रॅफिक इतरांपासून वेगळा, फार तर करारात लेटन्सीची मर्यादा लिहिलेली. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 1000 किलोमीटरला जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद लागणारच. शिवाय केबल नकाशावरच्या सरळ रेषेत जात नाही. ऑर्डर देण्याआधी मार्ग विचारून घ्या.

आता प्रोव्हायडरवरचा आरोप. फाइल कॉपी सहसा टीसीपी या प्रोटोकॉलवर चालते. त्यात पलीकडून पोच येईपर्यंत ठरावीक मर्यादेएवढाच डेटा वाटेत असू शकतो; ती मर्यादा म्हणजे विंडो. विंडो स्केलिंग (विंडो मोठी करण्याची सोय) नसेल तर ही मर्यादा 65,535 बाइट, आणि 80 मिलिसेकंदांना त्यातून मिळतात जेमतेम 6.5 एमबीपीएस. लिंक 100 ची असो वा 1000 ची, आकडा तोच. 100 एमबीपीएस भरायचे तर एका वेळी सुमारे 10 लाख बाइट वाटेत हवेत. स्केलिंग 1992 च्या आरएफसी 1323 या तांत्रिक दस्तऐवजापासून आहे, पण वाटेतली एखादी फायरवॉल तो पर्याय काढून टाकते, किंवा ॲपनेच बफर छोटा ठरवलेला असतो. आयपर्फ हे वेग मोजायचं टूल आधी एका स्ट्रीमने (एकाच टीसीपी जोडणीने) चालवा, मग आठने. एकाला 6.5 आणि आठ मिळून 50 च्या आसपास मिळाले, तर लिंक ठणठणीत आहे. प्रोव्हायडरकडे तक्रार करण्यात अर्थ नाही.

बँडविड्थ कामाची असते ती लिंक खरोखर भरत असेल तेव्हा. मग पॅकेट राउटरच्या रांगेत थांबतात आणि 80 चा पिंग 300 वर जातो. पाच मिनिटांच्या सरासरीच्या ग्राफमध्ये असे छोटे लोट दिसत नाहीत, म्हणून पिंग ऐन गर्दीत मोजा आणि पहाटेही मोजा. गर्दीत तो फुगत असेल तर लिंक जरूर वाढवा, किंवा क्यूओएस (कोणता ट्रॅफिक आधी जाईल ते ठरवणारी सोय) लावून बॅकअपचा ट्रॅफिक मागे ठेवा. दोन्ही वेळा 80 च आला, तर अपग्रेडच्या ऑर्डरवर सही करू नका.